उचला की झाका? आधी पाणी कुठं जातंय ते बघा

आमच्या इकडे, नगर रोडपासून थोडं आत, एक बंद पडलेली दगडखाण आहे. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा लगेच फ्लॅटच्या रेटवर जाते, आणि तसंही पुण्याच्या चारी बाजूंना अशा खाणी आहेत, ज्याला त्याला आपापली आठवेल. दगड संपला, क्रशर हलला, खड्डा राहिला, आणि मग काही वर्षं रात्रीचे डंपर येत राहिले. आधी नुसता राडारोडा, मग फाउंड्रीची काळी वाळू, मग निळे बॅरल, मग तो शेवाळी-पिवळट गाळ जो कुठल्या कंपनीच्या टाकीतून निघाला हे सांगायला आजवर कोणी पुढे आलेलं नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. गेल्या पावसाळ्यात खाण भरून पाणी नाल्याला लागलं आणि वास सोसायट्यांपर्यंत आला तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम ते "कळलं".

तेव्हापासून दोन पार्ट्या पडल्यात. एक उचलवाले, म्हणजे "सगळा कचरा उकरून इथून घेऊन जा, आम्हाला स्वच्छ खाण पाहिजे" म्हणणारे. दुसरे झाकवाले, म्हणजे "दोन-तीन हजार गाड्या मुरूम टाका, वर लॉन करा, जॉगिंग ट्रॅक करा, विषय संपवा" म्हणणारे. बैठका होतात, बॅनर लागतात, एकमेकांना "तुम्ही बिल्डरचे" आणि "तुम्हाला नुसता विरोध करायचा" असं म्हणून झालंय. मला वाटतं दोघंही कचऱ्यावरून भांडतायत आणि खरा प्रश्न पाण्याचा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना शिव्या द्यायच्यात त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. सगळी खाण उकरून दुसरीकडे नेण्याची मागणी चुकीची आहे, आणि नुसती माती टाकून बाग करण्याची मागणी त्याहून चुकीची. बॅरल, साठलेलं पाणी आणि जिथे विष खरोखर दाट आहे तेवढा गाळ काढा, उरलेलं जागेवरच बंदिस्त करा, वरून पावसाचं पाणी आत जाणार नाही आणि खालून मुरणारं पाणी बाहेर सुटणार नाही याची सोय करा, भोवती निरीक्षण विहिरी घ्या, त्यांचं पाणी तीस वर्षं तपासा, आणि हे सगळं सातबाऱ्यावर चढवा. कंटाळवाणं आहे, बॅनरवर बसत नाही, मान्य.

हे मी कुठून बोलतोय तेही सांगतो. भोसरीत एका छोट्या युनिटमध्ये मी सोळा वर्षं क्वालिटीला होतो, शेजारच्या शेडमध्ये क्रोम प्लेटिंग चालायचं. आमच्याकडचा कूलंट, त्यांच्याकडचा गाळ, पेंट शॉपचा चिकट लगदा, हे सगळं "जायचं". कुठे जायचं हे विचारायची पद्धत नव्हती. कागदावर नियम चोख आहेत, घातक कचरा युनिटमध्ये नव्वद दिवसांच्या वर ठेवायचा नाही, नेताना मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याबरोबर जाणारा नोंदीचा कागद, भरायचा, त्याच्या सात रंगांच्या सात प्रती, एक पाठवणाऱ्याकडे, एक प्रदूषण मंडळाकडे, एक गाडीवाल्याकडे वगैरे. रांजणगाव एमआयडीसीत घातक कचऱ्याची सामायिक सुविधा आहे, तिथे तो रीतसर पाठवायचा आणि किलोवर पैसे मोजायचे. आणि दुसरीकडे एक गाडीवाला असतो जो अर्ध्याहून कमी पैशात "मी बघतो साहेब" म्हणतो. तो काय बघतो हे आता आमच्या खाणीत दिसतंय. त्यामुळे "हे नक्की कोणी टाकलं" असा भाबडा प्रश्न मला पडत नाही, माझ्यासारख्यांच्या न विचारण्यातूनच ती खाण भरली.

आता उचलवाल्यांचा मुद्दा, आणि तो लेचापेचा नाही म्हणून नीट मांडतो. ते म्हणतात, शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम हे धातू आहेत, ते कुजत नाहीत, शंभर वर्षांनीही तिथेच असणार, मग जोपर्यंत माल तिथे आहे तोपर्यंत धोका आहेच ना? आणि दुसरं म्हणजे खाण ही काही बांधलेली लँडफिल नाही. रीतसर जागेत खाली चिकणमातीचा थर असतो, प्लास्टिकचं जाड अस्तर असतं, झिरपलेलं पाणी गोळा करायला पाइप असतात. खाणीत यातलं काहीच नाही, उलट जी माती आणि मुरूम पाणी थोडं तरी गाळून घेते तीच आपण दगडासाठी आधी खरवडून काढलेली असते. दोन्ही मुद्दे शंभर टक्के बरोबर आहेत. शिवाय तिसरा एक मुद्दा आहे जो ते स्पष्ट बोलत नाहीत पण तोच सगळ्यात खोल आहे, की आम्ही का सहन करायचं, ज्यांनी टाकलं त्यांनी न्यावं. याला माझ्याकडे उत्तर नाही, न्यायानं बघितलं तर तेच व्हायला पाहिजे.

पण आता हिशोब करा. समजा खाण पाच एकरांची आहे, म्हणजे साधारण वीस हजार चौरस मीटर. आठ मीटर भराव आहे असं धरा, तर झाले एक लाख साठ हजार घनमीटर. घनमीटरला दीड टन धरला तर दोन लाख चाळीस हजार टन. एका डंपरमध्ये पंधरा टन, म्हणजे सोळा हजार खेपा. रोज चाळीस गाड्या न चुकता भरल्या तरी चारशे दिवस, आणि मधले पावसाळ्याचे चार महिने ओला गाळ भरता येणार नाही ते वेगळेच. जायचं कुठून? नगर रोडनंच. लोणीकंद, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, ज्या रस्त्यावर रविवारी रांजणगावच्या महागणपतीला जाणाऱ्यांच्या गाड्यांची रांग हलत नाही त्या रस्त्यावरून सोळा हजार डंपर विषारी गाळ नेणार, आणि तो गळणार नाही, सांडणार नाही, वाटेत दुसऱ्याच एखाद्या खाणीत "बघितला" जाणार नाही, याची खात्री ज्याला आहे त्याला मी हात जोडतो. उकरताना उडणारी धूळ आणि वाफ कोणाच्या खिडकीत येणार हा प्रश्न तर सोसायटीवाल्यांनी अजून विचारलेलाच नाही.

आणि तिकडे पोचल्यावर काय होतं? भोपाळ बघा. डिसेंबर १९८४ ची दुर्घटना, आणि युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा तिथून हलला तो जानेवारी २०२५ मध्ये, चाळीस वर्षांनी, हायकोर्टानं कान उपटल्यावर, बारा कंटेनरमध्ये भरून, पोलीस बंदोबस्तात. कुठे गेला? धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला. पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगावर पेट्रोल ओतून घेऊन पेटवून घेतलं, भाजले. त्यांचं काय चुकलं होतं? भोपाळमधून "गेलं एकदाचं" म्हणून सुटकेचा जो श्वास सोडला गेला तो पीथमपूरवाल्यांना आत घ्यावा लागणार होता. शेवटी २०२५ च्या मध्यापर्यंत तो जाळला, आणि जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो म्हणून उरलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा वजनाला जास्त भरली, ती परत कुठे पुरायची यावर पुन्हा वाद. हे फक्त ३३७ टनांचं, जो माल आधीच गोण्यांत भरून शेडमध्ये ठेवलेला होता. कारखान्याच्या आवारात जमिनीखाली जी दूषित माती आहे तिचा अंदाज २०१० च्या एका सरकारी संस्थांच्या अभ्यासात अकरा लाख टनांचा होता, आणि ती तिथेच आहे, आणि भूजलही तिथेच आहे. बातमी मात्र "भोपाळ कचरामुक्त" अशी झाली.

पुणेकरांनी तर हा धडा घरीच शिकायला हवा होता. कोथरूडला कचरा डेपो होता, आज तिथे वनाजच्या मेट्रोचा डेपो आहे, छान चकाचक. कोथरूड वाढलं, लोकांनी आरडाओरडा केला, कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जायला लागला. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, गाड्या अडवल्या, विहिरी वापरायच्या बंद झाल्या, प्यायला टँकर आले. कोथरूडच्या कुठल्या सोसायटीनं तेव्हा उरुळीसाठी मेणबत्ती लावल्याचं मला तरी आठवत नाही. आता आम्ही नगर रोडवाले तेच वाक्य म्हणतोय, "इथून न्या", फक्त पुढचं अर्धं वाक्य, "तिथे टाका", हळू आवाजात.

"परदेशात बघा कसं पूर्ण साफ करतात" हे एक ठरलेलं वाक्य प्रत्येक बैठकीत येतंच. परदेशातलंच सांगतो. नेदरलँड्समध्ये लेकरकेर्क नावाच्या गावात १९८० मध्ये उघडकीला आलं की नवी वसाहत रासायनिक बॅरलच्या भरावावर उभी आहे. अडीचशेहून जास्त घरं रिकामी केली, माती उकरून नेली, देश हादरला आणि त्यांनी कायदाच असा केला की दूषित जमीन कुठल्याही वापराला चालेल इतकी स्वच्छ करायची, म्हणजे तुमची "स्वच्छ खाण". मग सगळीकडे शोध घेतला तर अशा जागा इतक्या निघाल्या की त्या श्रीमंत, शिस्तीच्या, इवल्याशा देशालाही ते झेपेना, आणि नव्वदच्या दशकात त्यांनी धोरण बदललं, जमीन कशासाठी वापरणार तेवढ्यापुरती साफ करायची, बाकी प्रदूषण पसरणार नाही हे बघायचं. मधल्या काळात झालं काय, तर काही थोड्या जागांवर पैसा ओतला गेला आणि बाकीच्या रांगेत थांबल्या. आपल्याकडे २०२५ मधल्या सरकारी माहितीप्रमाणे देशात १०३ दूषित जागा नक्की केल्यात आणि प्रत्यक्ष काम सुरू झालंय ते फक्त सात ठिकाणी. ज्या देशाची गाडी सातवर अडकलीये तिथे प्रत्येक जागा आरशासारखी करा म्हणणं म्हणजे आठव्या जागेची पाळी कधीच येऊ नये म्हणण्यासारखं आहे.

झाकवाले इथपर्यंत वाचून खूश झाले असतील, तर थांबा. माती टाकणं आणि बंदिस्त करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो आपल्या खडकात आहे. पुण्याखालचा काळा पाषाण म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. सगळा एकसंध दगड नाही तो. एक थर घट्ट, मग फुगे फुगलेला सच्छिद्र, मधे कुठे लाल गेरूसारखा पट्टा, आणि सगळ्यातून आडव्या-उभ्या भेगा. पाणी मातीतून झिरपतं तसं इथे झिरपत नाही, ते भेगेतून पळतं. म्हणूनच एकाची बोअर दीडशे फुटांवर लागते आणि शेजारच्याची चारशेला कोरडी. त्यात खाणीत सुरुंग लावलेले, म्हणजे होत्या त्या भेगा आपणच मोठ्या केल्या. वरून तुम्ही पाच फूट मुरूम टाकून लॉन लावलंत तर वरून दिसायचं बंद होईल, पण पावसाचं पाणी त्या मुरमातून आत जाईल, गाळातून फिरेल आणि खालच्या भेगेतून कुणाच्या तरी विहिरीत निघेल. आणि लॉनला रोज पाणी घालणार आहात ना? म्हणजे उन्हाळ्यातही सुट्टी नाही.

बंदिस्त करायचं म्हणजे वर चिकणमाती आणि अस्तर, त्यावर उतार दिलेला, भोवती पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर वळवणारा चर, आत साठलेलं पाणी उपसून शुद्ध करून मग सोडायची सोय. क्रोमियमची दोन रूपं असतात, सहाचा क्रोम आणि तीनचा क्रोम, आणि घातक तो सहाचा, जो पाण्यात विरघळून पळतो. त्याला फेरस सल्फेटसारखं काही देऊन तीनचा क्रोम केला की तो बराचसा बसतो, पळत नाही. प्लेटिंगवाल्यांना हे तोंडपाठ असतं, ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणात, रोज तेच करतात, निदान करायला हवं. सिमेंट-चुन्यात गाळ बांधता येतो. सॉल्व्हंट, म्हणजे तेल-ग्रीस-रंग विरघळवणारी रसायनं, असतील तर वेगळीच डोकेदुखी, त्यातले काही पाण्यापेक्षा जड असतात आणि भेगेतून खाली खाली जाऊन बसतात, वरचा सगळा माल उकरून नेला तरी ते हाताला लागत नाहीत. उचलवाल्यांनी हे लक्षात घ्यावं, तुमचे सोळा हजार डंपर गेल्यावरही विहिरीतलं पाणी तसंच राहू शकतं.

आता झाकण्याच्या विरोधातला सगळ्यात जोरदार मुद्दा, जो मला रात्री झोपेतही छळतो. आपल्याकडे झाकणं म्हणजे विसरणं. पहिली दोन वर्षं फोटो निघतील, तिसऱ्या वर्षी पंप जळेल, चौथ्या वर्षी साहेबांची बदली होईल, दहाव्या वर्षी कोणीतरी तिथे मंगल कार्यालय टाकेल. तीस वर्षं कोण बघणार? जिथे नाल्यावरचं झाकण तीस दिवस टिकत नाही तिथे?

याचं उत्तर मला अमेरिकेतल्या लव्ह कॅनॉलमध्ये सापडतं, आणि ते बहुतेक लोक सांगतात त्याच्या उलटं आहे. नायगारा फॉल्स शहरात एका अर्धवट खोदलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीनं १९४२ ते १९५३ एकवीस हजार टनांच्या आसपास रासायनिक कचरा टाकला, वर चिकणमाती घातली, आणि जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात लिहिलेलं होतं की खाली रसायनं आहेत, आमची जबाबदारी नाही. तरी तिथे शाळा बांधली, भोवती घरं झाली, ड्रेनेजच्या आणि रस्त्यांच्या कामात ते झाकण आणि बाजू फोडल्या, आणि १९७८ मध्ये तळघरांतून रसायनं वर आल्यावर आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यातून अशा दूषित जागा साफ करण्यासाठीचा १९८० चा सुपरफंड कायदा आला. आता प्रश्न विचारा, तो कचरा आज कुठे आहे? बहुतांश तिथेच आहे! सत्तर एकराला कुंपण, वर झाकण, भोवती झिरपा गोळा करणारी व्यवस्था, शुद्धीकरण चालू, २००४ मध्ये ती जागा धोकादायक यादीतून निघाली. एकच जागा, एकच कचरा. पहिल्या वेळी झाकलं आणि विसरले, दुसऱ्या वेळी झाकलं आणि लक्ष ठेवलं.

म्हणून माझा सातबाऱ्याचा हट्ट. कुणी पतसंस्थेकडून पाच लाखांचं कर्ज घेतलं तरी सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो, आणि तो उतरल्याशिवाय कोणी ती जमीन घेत नाही. मग अडीच लाख टन विषाचा बोजा का चढत नाही? "या गटात घातक औद्योगिक कचरा बंदिस्त आहे, खोदाई, बोअर आणि निवासी बांधकामास मनाई" एवढी एक ओळ. तलाठी बदलेल, तहसीलदार बदलेल, सरकार बदलेल, फेरफार राहतो. आमच्याकडे देवाला सोडलेल्या जमिनीची नोंद पिढ्यान्‌पिढ्या टिकते हे ज्यांनी कोर्टात भांडून बघितलंय त्यांना माहीत आहे. झाकवाल्यांपैकी काहींना ही ओळ अजिबात नकोय, का ते उघड आहे, आणि माझ्या लेखी कोण खरा झाकवाला आणि कोण नुसता प्लॉटवाला हे ओळखायची हीच परीक्षा.

आणि बघत राहणं हे पुण्याला परकं आहे असंही नाही. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत दगडी नळानं पाणी आणलं. जमिनीखालचा नळ, पण मधे मधे उच्छ्वास ठेवलेले, उभे झरोके, ज्यातून आत उतरून बघता यायचं, गाळ काढता यायचा. निरीक्षण विहीर म्हणजे दुसरं काय? डोळ्याआड वाहणाऱ्या पाण्यावर डोळा ठेवायची जागा. अर्थात त्याच शहरात पुढे बांधकामं होत गेली आणि नळाचा मार्ग लोकांच्या डोक्यातून गेला, २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोसाठी खणताना पाण्याचं एक जुनं भुयार लागलं तेव्हा हे नक्की कुठलं यावरच आधी चर्चा झाली. म्हणजे दोन्ही गुण आपल्यात आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय पुण्यात, हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात, पाण्याची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा गल्लोगल्ली, इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टला विषय शोधत फिरतायत. इथे जर दहा विहिरींचं पाणी वर्षातून दोनदा तपासलं जाणार नसेल तर देशात कुठे होणार?

पैसे कोण देणार हा प्रश्न मी टाळत नाहीये. प्रदूषण करणाऱ्यानं भरायचं हे तत्त्व सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रकरणात ठामपणे लावलं. उदयपूरजवळ एच-ॲसिड हे रंगनिर्मितीत लागणारं रसायन बनवणाऱ्या कारखान्यांनी गाळ उघड्यावर टाकला, तो मुरला, विहिरींचं पाणी नासलं. नंतर साफसफाईसाठी ३७ कोटी ३८ लाखांच्या आसपास रक्कम ठरली. कंपनीनं अर्जांवर अर्ज टाकत वेळ काढला, आणि जुलै २०११ मध्ये कोर्टाला परत सांगावं लागलं की आता चक्रवाढ व्याजासकट भरा. पंधरा वर्षं. आणि तिथे तर कोणी टाकलं हे स्पष्ट होतं, आमच्या खाणीत शंभर शेडचा माल एकत्र झालाय. म्हणून "आधी दोषी शोधा, त्याच्याकडून वसूल करा, मग काम" हा क्रम लावला तर माझ्या मुलाच्या निवृत्तीपर्यंत आपण वसुलीतच. आधी सरकारनं काम सुरू करावं, वसुली मागून चालू द्या. जमीनमालक ज्यानं डंपरमागे पैसे घेतले तो तर कुठे पळून गेलेला नाही, सुरुवात त्याच्यापासून करा.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी बैठकीत मी दोनदा सांगून बघितली, कोणी ऐकली नाही. दूषित जागांसाठी केंद्रानं जुलै २०२५ मध्ये वेगळे नियम आणलेत. जिल्हा प्रशासनानं संशयित जागा कळवायच्या, प्रदूषण मंडळानं ठरलेल्या मुदतीत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर तपासणी, मग उपाययोजना, आणि जबाबदार माणूस सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र-राज्यानं खर्चाची सोय करायची. पण खाणकामातून झालेलं प्रदूषण आणि घनकचऱ्याचे डेपो हे या नियमांच्या सर्वसाधारण कक्षेबाहेर आहेत, कारण त्यांना वेगळे कायदे आहेत. आता आमची जागा काय आहे? खाण आहे, आणि लोक तिला कचरा डेपो म्हणतात. एकानं म्हणायचं "ही तर खाण, खनिकर्म विभागाकडे जा", दुसऱ्यानं म्हणायचं "हा तर घनकचरा", आणि फाइल फिरत राहील. त्यात आपलेच लोक निवेदनात लिहितात, "कचऱ्याचे बायोमायनिंग करावे". अहो, बायोमायनिंग म्हणजे जुन्या घरगुती कचऱ्याला चाळण लावून माती वेगळी, प्लास्टिक वेगळं करणं, उरुळीला केलं तसं. क्रोमचा गाळ चाळणीत टाकून काय वेगळं होणार, गाळ आणि गाळ? पण त्या एका शब्दानं तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिलंत की हा महापालिकेचा ओला-सुका आहे. निवेदनात "घातक औद्योगिक कचरा टाकल्याने दूषित झालेली जागा" असंच लिहा, शब्द बोजड आहे पण तोच दार उघडणारा आहे.

छोट्या उद्योगांचं एक राहिलं. "असे नियम लावाल तर भोसरी-चाकणची शेडं बंद पडतील" असं म्हणणाऱ्यांना मी ओळखतो, त्यांच्याबरोबर जेवलोय. मार्जिन खरंच नसतं, मोठी कंपनी पार्टचा रेट दर वर्षी खाली ओढते आणि वर पर्यावरणाचं सर्टिफिकेट मागते, हा ढोंगीपणा मी जवळून बघितलाय. पण मग किलोमागे दोन रुपये कमी पडतात तर ते पार्टच्या रेटमध्ये मागा ना, खाणीच्या खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीतून का काढताय?

तर करायचं काय, लगेच, पावसाळ्याच्या आत? कुणी काय टाकलं आणि कुठं न्यायचं यावर भांडण्याआधी पाण्याचे नमुने. खाणीतल्या पाण्याचा, नाल्याचा, खालच्या बाजूच्या विहिरींचा, आणि हो, वरच्या बाजूच्या एका विहिरीचाही, कारण आपल्या खडकात मुळातच थोडा क्रोमियम-निकेल असतो आणि तुलना नसेल तर उद्या समोरचा वकील तेच म्हणेल. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, शिशाची ०.०१. सोसायट्यांनी टँकरचं पाणीही तपासावं, कारण आमचे टँकर कुठल्या विहिरीवर भरतात हे मी एका ड्रायव्हरला विचारलं तर तो हसला आणि त्याच नाल्याच्या दिशेनं हात केला. म्हणजे ज्यांना वाटतंय की हा वास येण्याचा प्रश्न आहे त्यांच्या टेरेसवरच्या टाकीतही तो असू शकतो, किंवा नसेलही, तपासल्याशिवाय मी कसं सांगू.

रविवारी परत बैठक आहे. निरोप सोसायट्यांच्या ग्रुपवर गेलाय, उचलवाले आणि झाकवाले दोघंही येतील. खाणीच्या खाली नाल्याकाठी ज्या सात-आठ विहिरी आहेत त्यांचे मालक त्या ग्रुपवर नाहीयेत, आजवरच्या एकाही बैठकीला त्यांना कोणी बोलावलेलं नाही. त्यातल्या एका आजींनी मागच्या आठवड्यात मला विहिरीचं पाणी काढून दाखवलं, दिसायला नितळ, आणि म्हणाल्या जनावरं पीत नाहीत रे आता हे. उद्या सकाळी सहाला मी त्यांच्याकडे चाललोय, बाटल्या धुऊन ठेवल्यात, आणि रविवारचा निरोपही तोंडी देऊन येणार आहे.